डेबियनची आयआरसी चॅटरूम: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

गेल्या पावसाळ्यापासून मी डेबियनच्या, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या एका फुकट लिनक्स प्रणालीच्या, मदतीच्या चॅटरूममध्ये जवळपास रोज असते. आयआरसीवर, म्हणजे इंटरनेटवर नुसत्या मजकुराने गप्पा मारायच्या जुन्या यंत्रणेवर, ओएफटीसी नावाचं नेटवर्क आहे, त्यावरचं हॅश डेबियन (#debian) हे चॅनेल, म्हणजे गप्पांची खोली. लिहायचं कारण एवढंच की तिथे नवीन येणारे कितीतरी लोक प्रश्न टाकतात आणि दोन-चार मिनिटांत निघून जातात, मग कुणीतरी उत्तर लिहायला घेतं आणि बघतं तर माणूसच नाही. हे बघून खरंच जीव तुटतो, कारण ज्याला मदत हवी होती त्याची समजूत काय होते, तर इथे कुणी उत्तर देत नाही. तसं अजिबात नाहीये.

आधी माझं सांगते. मी तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात काम करते. एमपीएससी आणि पोलीस भरतीची तयारी करणारी मुलंमुली दिवसभर अभ्यासिकेत असतात, त्यांना फॉर्म भरायला, हॉल तिकीट काढायला काही जुने कॉम्प्युटर ठेवलेत. विंडोज त्यांच्यावर फारच रखडायला लागलं म्हणून डेबियन १२ टाकलं, म्हणजे बुकवर्म, जून २०२३ मध्ये आलेलं. मशीन पळायला लागली, पण गावात विचारायचं कुणाला? कॉम्प्युटर दुरुस्तीवाला म्हणतो विंडोज टाका. म्हणून ही चॅटरूम.

आयआरसी ही खूप जुनी गोष्ट आहे, फिनलंडमधल्या ओउलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी १९८८ च्या ऑगस्टमध्ये सुरू केलेली. व्हॉट्सॲपची सवय असलेल्याला आधी सगळं उघडंबोडकं वाटतं. फोटो नाही, स्टिकर नाही, निळी टिक नाही, समोरचा टाइप करतोय का ते दिसत नाही. एकदा एंटर दाबलं की मेसेज पुसता येत नाही की सुधारताही येत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुम्ही त्या क्षणी खोलीत असाल तरच बोलणं तुमच्यापर्यंत येतं, बाहेर पडलात की मधलं काही सर्व्हर जपून ठेवत नाही. त्यामुळे इथे वागायचं कसं याचे जे काही नियम आहेत ना ते कुणाच्या शिष्टपणातून आलेले नाहीत, या यंत्रणेतूनच आलेत, आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे प्रश्न नीट लिहायचा आणि थांबायचं.

आमच्या प्रिंटरचंच उदाहरण देते म्हणजे कळेल. जुना लेझर प्रिंटर, कॉम्प्युटरला दिसतोय, प्रिंट दिली की काम पूर्ण झालं असंही येतं, पण कागद हलत नाही. मी लिहिलं ते असं: डेबियन १२, प्रिंटरचं पूर्ण मॉडेल, यूएसबीने जोडलाय, काम पूर्ण झालं म्हणतो पण पान बाहेर येत नाही, काल चालत होता, मध्ये रात्री प्रिंटर बंद केला होता. एवढं सगळं एकाच ओळीत. मग कितीतरी वेळ काहीच नाही, वर दोघांचं दुसऱ्याच विषयावर चाललेलं, मी इकडे पुस्तकं लावत बसले आणि अधूनमधून स्क्रीनकडे बघत होते. अर्ध्या-पाऊण तासाने एकाने विचारलं की प्रिंटर बंद करून परत चालू केल्यावर लगेच कर्नलच्या लॉगमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याच्या नोंदींमध्ये, काय येतं ते दाखव. दाखवलं. मग त्याने समजावलं की या जातीच्या प्रिंटरमध्ये त्याचं फर्मवेअर, म्हणजे त्याला आतून चालवणारं सॉफ्टवेअर, साठवलेलंच नसतं, दर वेळी चालू केला की कॉम्प्युटरने ते पाठवायचं असतं, आणि ते पाठवणारा प्लगइन बंदिस्त सॉफ्टवेअर असल्यामुळे डेबियनच्या पॅकेजबरोबर येत नाही, वेगळा उतरवून घ्यावा लागतो. काल चालत होता याचा अर्थ तो रात्री बंद करेपर्यंत आधीच्या मशीनने पाठवलेलं फर्मवेअर त्यात होतं! 'रात्री बंद केला होता' हे वाक्य मी लिहिलं नसतं तर त्याला हे सुचलं नसतं असं त्यानेच सांगितलं. प्लगइन टाकला, कुणाचं तरी हॉल तिकीट निघालं, आणि मी परत जाऊन लिहिलं की चाललं, अमुक केलं म्हणून चाललं.

हे परत जाऊन लिहिणं फार लोक करत नाहीत. करा हो. ज्याने वेळ घालवला त्याला कळतं की आपला अंदाज बरोबर होता, आणि खोलीत गप्प बसून वाचणारे जे असतात, ज्यांचं आपल्याला नावही दिसत नाही पटकन, त्यांच्यातल्या कुणाला तरी तोच प्रिंटर असतो.

थांबण्याबद्दल अजून. तिथली जाणकार मंडळी पगारी नाहीत, आपापली कामं करत एका कोपऱ्यात खिडकी उघडी ठेवतात आणि जमेल तेव्हा बघतात. बरीचशी युरोपातली आणि अमेरिकेतली वाटतात. आपल्याकडे रात्रीचे ९ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात जर्मनीत संध्याकाळचे साडेपाच, हिवाळ्यात साडेचार, म्हणजे रात्री जेवणानंतर विचारलं तर तिकडची माणसं कामावरून मोकळी होत असतात. सकाळी १० वाजता विचाराल तर तिकडे पहाट, मग उत्तर दुपारी आलं तर नवल नाही. उत्तर आलं नाही म्हणून तोच प्रश्न दर मिनिटाला परत टाकणं, किंवा 'कुणी आहे का', 'कृपया कुणीतरी' असं लिहीत राहणं याने काहीच होत नाही, उलट तुमचा मूळ प्रश्न वर सरकून दिसेनासा होतो. तास-दोन तासांनी, मधल्या वेळात स्वतः जे शोधलं ते जोडून परत एकदा विचारलं तर कुणी काही म्हणत नाही.

आणि 'मी एक प्रश्न विचारू का?' हे विचारायचंच नाही, सरळ विचारायचं. आपल्याकडे ही रीत आहे, परवानगी घेतल्याशिवाय मोठ्या माणसाला एकदम काही विचारत नाही, पण तिथे 'विचारू का'ला 'विचार' म्हणणारा माणूस म्हणजे तुमच्या अजून न कळलेल्या प्रश्नाची जबाबदारी घेणारा, म्हणून कुणी पुढे येत नाही. एसटी स्टँडच्या चौकशी खिडकीवर आपण 'गाडीबद्दल विचारू का' म्हणत नाही ना, 'चिपळूण गाडी किती वाजता' असंच विचारतो, तसं. 'सर, सर' पण नको. समोरचा सर आहे की मॅडम आहे की अठरा वर्षांचा पोरगा, माहीत नसतं. ज्याच्याशी बोलतोय त्याचं टोपणनाव आधी लिहून पुढे विसर्गासारखी दोन टिंबं द्यायची की त्याच्या स्क्रीनवर ती ओळ उठून दिसते, नावाची पहिली दोन-तीन अक्षरं टाकून टॅब दाबलं तरी पूर्ण नाव येतं. एकाच वेळी तीन-तीन संभाषणं चालू असतात त्यामुळे हे न केल्यास कोण कुणाला काय म्हणतंय तेच कळत नाही.

लांबलचक एरर मेसेज थेट खोलीत चिकटवायचा नाही. वीस-तीस ओळी एकदम गेल्या तर बाकी सगळ्यांचं बोलणं वाहून जातं, आणि सर्व्हरला वाटतं कुणीतरी मुद्दाम पूर आणतोय, तो तुम्हाला बाहेर काढतो. डेबियनची स्वतःची पेस्टची साइट आहे, तिथे मजकूर ठेवायचा आणि फक्त लिंक द्यायची. अख्खा मजकूर द्या पण, 'एरर आली' एवढंच सांगितलं तर कुणी काय करणार! आणि आपल्या मते महत्त्वाच्या तेवढ्याच ओळी निवडून देऊ नका, दुखणं बहुतेक वेळा न दिलेल्या ओळीत असतं.

काली, मिंट किंवा उबुंटू या डेबियनवरूनच बनलेल्या दुसऱ्या प्रणालींचे प्रश्न इथे घेत नाहीत. नवीन मुलं कालीचे प्रश्न घेऊन सारखी येतात आणि नाही म्हटलं की रागावतात, 'तेही डेबियनच आहे की आतून'. आतून असलं तरी पॅकेज वेगळी, आवृत्त्या वेगळ्या, इथल्या माणसाने इथल्या माहितीवर सल्ला दिला आणि तुमचं मशीन बसलं तर? त्यांची वेगळी चॅनेल आहेत, तिथे विचारावं. तसंच वेगवेगळ्या ठिकाणची पॅकेज एकत्र मिसळून ठेवली असतील तर ते आधीच सांगून टाका, लपवलं तरी दोन प्रश्नांत कळतंच त्यांना.

काही जण तुटक बोलतात. एका वेगळ्या चॅनेलवर एका नवख्या मुलीला फटकन 'मॅन्युअल वाच' असं उत्तर मिळालं आणि ती गेली ते परत आली नाही, ते मला आजही खटकतं, कारण तिला मॅन्युअलचं कुठलं पान वाचायचं ते सांगायला एकच जास्तीची ओळ लागली असती. डेबियनवाल्यांनी २०१४ साली मतदान घेऊन आचारसंहिता स्वीकारली आहे, त्यात आदराने वागा, समोरचा चांगल्या हेतूने बोलतोय असं धरून चाला, थोडक्यात बोला असं स्पष्ट आहे, आणि हॅश डेबियनवर ते बऱ्यापैकी पाळलं जातं असं माझं मत. थोडक्यात बोलणं म्हणजे तुसडेपणा नव्हे हे मात्र आपण समजून घ्यायला हवं. 'नमस्कार, कसे आहात' नसतं, उत्तर एकदम मुद्द्याचं असतं, ते मनाला लावून घेऊ नका. बॉटचंही तेच, डीपीकेजी नावाचा एक बॉट, म्हणजे आपोआप उत्तर देणारा प्रोग्रॅम आहे, नेहमीच्या प्रश्नांची तयार उत्तरं त्याच्याकडे असतात, कुणी त्याच्यामार्फत उत्तर पाठवलं तर अपमान वाटून घेऊ नका, वाचा ते, चांगलं असतं. त्या बॉटशी खेळून बघायचं असेल तर खाजगीत बघायचं, खोलीत नाही.

पासवर्डची काळजी घ्या. टोपणनाव नोंदवलं की दर वेळी निकसर्व्हला, म्हणजे टोपणनावं सांभाळणाऱ्या सेवेला, पासवर्ड सांगावा लागतो, आणि ती आज्ञा तिरक्या रेघेने सुरू होते. एकाने त्या रेघेआधी चुकून स्पेस दिली, झालं, आज्ञा न राहता ते साधं वाक्य झालं आणि अख्ख्या खोलीला पासवर्ड वाचायला मिळाला. पुसता तर येत नाही. तिथल्या लोकांनीच त्याला लगेच बदलायला सांगितलं. असली आज्ञा चॅनेलच्या खिडकीत द्यायचीच नाही, सर्व्हरच्या खिडकीत द्यायची, किंवा क्लायंटमध्ये, म्हणजे ज्या ॲपमधून आपण आयआरसी वापरतो त्यात, पासवर्ड एकदाच भरून ठेवायचा. तुमचा आयपी पत्ताही बाकीच्यांना दिसतो, तो निकसर्व्हला सांगून झाकून घेता येतो, पहिल्याच दिवशी करून टाका. आणि कुणी अनोळखी माणसाने, विशेषतः खाजगी मेसेजमध्ये, 'ही ओळ रूट म्हणून (म्हणजे मशीनवरचे सगळे अधिकार घेऊन) चालव' म्हटलं तर ती ओळ काय करते हे कळल्याशिवाय चालवू नका. खोलीत उघड दिलेल्या चुकीच्या सल्ल्याला दुसरा कुणीतरी लगेच हटकतो, खाजगीत हटकणारा कुणी नसतो. म्हणूनच आपणही कुणाला विचारल्याशिवाय खाजगीत गाठू नये.

आता त्रासाच्या गोष्टी. हॅश डेबियनवर इंग्रजीतच लिहावं लागतं. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, तरी मोडकंतोडकं चालतं, व्याकरणावर कुणी बोट ठेवत नाही. मैत्रिणीशी मराठीत बोलायला आम्ही वेगळं चॅनेल उघडून बघितलं, तेव्हा कळलं की आयआरसीचा एक मेसेज ५१२ बाइटचा, आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. 'नमस्कार' लिहिलं की काना आणि पाय मोडलेला धरून ७ चिन्हं, म्हणजे २१ बाइट. त्यात तुमचं नाव, पत्ता, चॅनेलचं नाव हेही त्याच ५१२ मध्ये, म्हणजे सव्वाशे-दीडशे चिन्हांत वाक्य संपवायचं. इंग्रजीवाल्याला त्याच जागेत जवळपास तिप्पट लिहिता येतं. याचं वाईट वाटतं मला, पण नियम १९८८ च्या काळातून आलेत, तेव्हा कुणाच्या डोक्यात देवनागरी असणार.

दुसरं म्हणजे लाईट. आमच्याकडे लाईट गेली की राउटर बंद, की मी खोलीतून बाहेर, परत आली की आत, आणि हे आत-बाहेर सगळ्यांना दिसतं. सारखं झालं तर काही चॅनेलवर तात्पुरतं बाहेर ठेवतात, कनेक्शन नीट झालं की या म्हणून. राग धरू नये, बाकीच्यांच्या स्क्रीनवर तेवढंच दिसत राहतं. यावर उपाय म्हणजे बाउन्सर, झेडएनसी नावाचं छोटं सॉफ्टवेअर, कायम चालू असणाऱ्या एखाद्या मशीनवर ठेवायचं, ते तुमच्या नावाने खोलीत बसतं आणि तुम्ही आलात की मधलं बोलणं दाखवतं. वाचनालयातलं एक मशीन इन्व्हर्टरवर आहे, त्यावर ठेवलंय, तेव्हापासून रात्री विचारलेल्याचं उत्तर सकाळी येऊन वाचता येतं. थांबायला शिकणं जमलं तरी थांबायला वीज लागतेच.

क्लायंटचं म्हणाल तर हेक्सचॅट सोपा आहे, खिडक्या-बटणं सगळं, पण २०२४ मध्ये त्याची शेवटची आवृत्ती निघाली आणि काम थांबलं, म्हणून मी वीचॅटवर (WeeChat, चिनी वीचॅट नव्हे) गेले. तो टर्मिनलमध्ये, म्हणजे नुसत्या टाइप केलेल्या आज्ञांच्या खिडकीत, चालतो, सुरुवातीला किचकट, मग माऊसची आठवणही येत नाही. मोबाईलवर मला काही फारसं जमलं नाही, स्क्रीन झोपली की कनेक्शन तुटतं, बाउन्सर नसेल तर मोबाईलच्या भानगडीत पडू नका. आणि काहीच इन्स्टॉल न करता आधी नुसतं बघायचं असेल तर ओएफटीसीची वेबचॅट ब्राउझरमध्येच उघडते, टोपणनाव टाकायचं, चॅनेलचं नाव टाकायचं, एक-दोन संध्याकाळी लोक कसं विचारतात ते नुसतं वाचायचं, कुणी तुम्हाला बोला म्हणून आग्रह करत नाही.