लामा कॅम्प, ईगलनेस्ट: बुगुन लिओसिक्लासाठी मुक्काम करावा का?

पश्चिम अरुणाचलात, ईगलनेस्ट अभयारण्याच्या तोंडाशी साधारण 2350 मीटर उंचीवर लामा कॅम्प आहे. सिंगचुंग गावचे बुगुन जमातीचे लोक तो सांभाळतात. मुक्काम तंबूत, अंघोळीला बादलीतलं पाणी, वीज मोजकीच. रिसॉर्टची सवय असेल तर पहिल्याच रात्री चिडचिड होईल. पण इथे पैसे मोजायचे ते जागेसाठी: जगात फार थोड्या ठिकाणी राहणाऱ्या एका पक्ष्याच्या घरातच हा कॅम्प उभा आहे.

तो पक्षी म्हणजे बुगुन लिओसिक्ला. जेमतेम 22 सेंटिमीटरचा, करड्या-ऑलिव्ह अंगाचा. डोक्यावर काळी टोपी, डोळ्यापुढे पिवळा ठिपका, पंखावर पिवळा, लाल आणि पांढरा रंग, शेपटीच्या टोकाला लाल. पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ रमणा आत्रेय यांना तो 1995 साली पहिल्यांदा दिसला. नवी प्रजाती म्हणून वर्णन झालं 2006 मध्ये. तोवर अवघे 14 पक्षी सापडले होते, त्यात विणीच्या जोड्या तीन. एवढ्या थोड्या संख्येतला एकही पक्षी मारायचा नाही असं ठरलं, म्हणून नेहमीसारखा नमुना न घेता जाळ्यात सापडलेल्याची पिसं आणि फोटो यांवर वर्णन केलं. सर्वात जवळचा नातेवाईक चीनमध्ये सिचुआनच्या एमेई पर्वताकडे, हजार किलोमीटरहून लांब. आज बुगुन लिओसिक्ला 'अतिसंकटग्रस्त' यादीत आहे.

शोधायचा कुठे, इथेच बहुतेकांची चूक होते. उंच झाडांच्या घनदाट जंगलात मान वर करून काही हाती लागत नाही. जंगलाच्या कडेचा उतार, ओढ्याची घळ, दाट झुडपं आणि ठेंगणी झाडं ही त्याची जागा. एकटा किंवा जोडीने फिरतो, कधी इतर पक्ष्यांच्या मिश्र थव्यात मिसळतो. त्यामुळे थवा आला की ओळखीच्या पक्ष्यांत न रमता शेवटचा पक्षी जाईपर्यंत थांबायचं. उतरत जाणारी, बासरीसारखी शीळ आधी ऐकू येते, पक्षी मागाहून दिसतो. तोही सेकंदभर. जोडीतला एक फिका दिसतो, ती बहुधा मादी.

कॅम्पचा खरा जमेचा भाग म्हणजे स्थानिक मार्गदर्शक. कोणत्या वळणावर किती वेळ थांबायचं हे त्यांना ठाऊक असतं. फोनवर आवाज वाजवून पक्षी बोलवायचा हट्ट मात्र धरू नका. मूठभर जोड्यांच्या हद्दीत रोज कोणी ना कोणी तो आवाज वाजवला तर ते पक्षी चरायचे कधी आणि पिल्लं वाढवायची कधी? या पक्ष्यासाठी गावाने स्वतःच्या जंगलातला 17 चौरस किलोमीटर भाग सामुदायिक राखीव म्हणून दिला, 2017 मध्ये त्याची अधिसूचना निघाली. तिथे पाहुण्याने एवढं तरी पाळावं.

दुर्बीण 8 पटीची घ्या. 10 पटीत दृश्य अरुंद होतं आणि झुडपात हलणारा पक्षी हातचा जातो. ऊन वर चढलं की दरीतून धुकं येतं, म्हणून उजाडायच्या आधी रस्त्यावर हवं. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या थंडीत लवकर बसतात; रात्री पांघरुणात घेऊन झोपा. रेनकोट आणि सुके मोजे कुठल्याही महिन्यात लागतात.

प्रवासाला आधी इनर लाइन परमिट, म्हणजे अरुणाचलात शिरायचा परवाना, काढा. परदेशी पासपोर्ट असलेल्या मराठी मंडळींना संरक्षित क्षेत्राचा वेगळा परवाना लागतो. अभयारण्याच्या परवानगीबद्दल बुकिंग करतानाच विचारून घ्या. गुवाहाटीहून एका दमात आलात तर दुसरी सकाळ पेंगण्यात जाते. वाटेत आसामातल्या नामेरीला रात्र काढलेली बरी. मार्च ते मेचा पहिला पंधरवडा गाण्याचा काळ, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आकाश स्वच्छ पण थंडी कडक.

बरेच टूरवाले लामाला एकच रात्र देतात आणि 2800 मीटरची खिंड ओलांडून 1940 मीटरवरच्या बोंपू कॅम्पला पळतात. बोंपूला पक्ष्यांची विविधता जास्त, हे खरं. पण बुगुन लिओसिक्लासाठी आला असाल तर लामाला निदान तीन सकाळी ठेवा. एक पावसात जाणार हे धरूनच चाला. कार्यक्रमात एवढ्या रात्री बसत नसतील तर बोंपूची एक कापा, लामाची नको.