मागचा लाल दिवा की नुसता रिफ्लेक्टर?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतली पाळी सुटली की कामगारांच्या सायकली अंधारात रस्त्याला लागतात. अनेकांच्या मडगार्डवर फक्त रिफ्लेक्टर, तोही धुळीनं माखलेला.

रिफ्लेक्टर स्वस्त, सेलची कटकट नाही. पण मागून येणाऱ्याचा हेडलाइट पडला तरच तो चमकतो. दिवे न लावता आलेल्या गाडीवाल्याला तो दिसतच नाही. लाल दिवा स्वतःच्या उजेडानं दिसतो. चार्जिंग संपलं की मात्र संपलं.

माझं मत विचाराल तर आधी दिवा घ्या. रिफ्लेक्टर काढू नका, दर रविवारी ओल्या फडक्यानं पुसा.

आणि रस्त्यावरचा दिवा बंद असेल तर खांबाचा नंबर लिहून महापालिकेत अर्ज द्या, पोच घ्या. नुसतं ‘अंधार आहे’ म्हणून खांब सापडत नाही.