आडवं फिरतं, उभं अडतं: जुनं सेंटरपिन रीळ घेताना झालेली फसवणूक

सेंटरपिन म्हणजे मासे पकडायच्या रॉडला (गळाच्या काठीला) लावायचं, लाइन म्हणजे गळाची दोरी गुंडाळणारं अगदी साधं रीळ. त्यात लपवायला जागाच नसते, असा आपला समज असतो. गिअर नाहीत, ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा लाइन रोखणारा ब्रेक) नाही, बेल आर्म (लाइन रिळावर घेणारी तारेची कमान) नाही. मागे एक तबकडी, तिच्या मध्यावर पोलादी पिन, त्या पिनवर फिरणारा ड्रम आणि ड्रमला दोन मुठी. खेळ खलास. त्यामुळे वापरलेलं सेंटरपिन घेताना माणूस निर्धास्त असतो, आणि मला ज्याने गंडवलं त्याचा धंदाच या निर्धास्तपणावर चालतो. त्याची पद्धत सविस्तर सांगतो, कारण तो एकटाच ती वापरत असेल असं मला वाटत नाही.

जाहिरात अशी होती: 1920 च्या दशकातलं इंग्लिश रीळ, साडेचार इंची, सगळे भाग मूळचे, ‘ट्रू पिन’, म्हणजे बॉल बेअरिंग नसलेलं. मागच्या तबकडीवर इंग्लंडमधल्या रेडिच गावच्या एका नामांकित कारखान्याचा शिक्का. या रिळांचा इतिहास ज्यांना थोडाफार ठाऊक आहे त्यांना हे वाचून काय होतं ते मी सांगायला नको. इंग्लंडमधल्या ट्रेंट नदीवर वाहत्या पाण्यात फ्लोट (आमिष खाली धरून पाण्यावर तरंगणारं बोंड) सोडणाऱ्या नॉटिंगहॅमच्या लोकांनी आधी लाकडी रिळं वापरली; मग तिथल्याच हेन्री कॉक्सनने आऱ्यांच्या हलक्या ड्रमची कल्पना काढली आणि रेडिचच्या ऑलकॉक कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती ‘एरियल’ नावाने बाजारात आणली. आज रेडिचच्या जुन्या मालाला संग्राहक मागाल तो दाम देतात. शिक्क्याला भाव आला की शिक्के ठोकणारे आलेच.

बोलायला विक्रेता अगदी गोड. “आजोबांचं रीळ आहे हो, विकायचं जिवावर येतंय,” वगैरे. दुसरं गिऱ्हाईक पैसे घेऊन तयार बसलंय, हेही ठरलेलं वाक्य. मग त्याने व्हिडिओ पाठवला. रीळ टेबलावर पाठीवर ठेवलेलं, बोटाने एक टिचकी, आणि ड्रम फिरतोय तो फिरतोयच. मिनिट होऊन गेलं तरी थांबायचं नाव नाही.

इथेच खरी मेख आहे. रीळ पाठीवर ठेवलं की पिन उभी होते आणि ड्रमचा सगळा भार पिनच्या टोकावर येतो. तेवढ्या टिचभर स्पर्शावर घासलेला, झिजलेला ड्रमसुद्धा भिंगरीसारखा फिरतो. नदीवर मात्र रीळ असं कधीच नसतं. रॉडखाली ते उभं असतं, पिन आडवी असते, आणि भार बुशच्या, म्हणजे ड्रमच्या मध्यातल्या पिनवर बसणाऱ्या नळीच्या, आतल्या कडेवर पडतो. बुश झिजलंय की नाही हे तिथे कळतं, टेबलावर नाही. शिवाय किती वेळ फिरतं हा हिशेबच मुळात अर्धा आहे. जड ड्रम एकदा सुटला की लवकर थांबत नाही, पण तो सुटायलाच तयार नसतो. संथ पाण्यातला हलका फ्लोट त्याला ओढणार कशाच्या जोरावर? मिनिटं मोजण्याचा हा नाद इतका पसरलाय की विक्रेते त्याचाच फायदा घेतात.

रीळ घरी आलं तेव्हा पुढच्या झाकणाच्या स्क्रूवर लाखेचा ठिपका होता आणि सोबत चिठ्ठी: ठिपका मोडल्यास माल परत घेतला जाणार नाही. ही अट म्हणजे सापळा आहे. जे तपासायचं ते झाकणाआड, आणि झाकण काढलं की तक्रार बाद.

पाण्यावर पहिल्याच सोडीत रिळाने रंग दाखवला. फ्लोट प्रवाहाबरोबर जाण्याऐवजी थांबत थांबत जात होता. साडेचार इंची ड्रमच्या एका फेऱ्यात फार तर 36 सेंटिमीटर लाइन सुटते. फेऱ्यात एकाच जागी ड्रम अडत असेल तर दर 36 सेंटिमीटरला फ्लोटला हिसका बसतो, फ्लोट काठाकडे ओढला जातो आणि खालचं आमिष तळ सोडून वर उचललं जातं. आमिष पाण्याच्या वेगाने, मोकळं जाऊ देणं एवढ्याच कामासाठी तर हे रीळ घ्यायचं. पुढे एक मासा लागला, त्याने जोर केला, आणि लाइन ड्रमच्या मागच्या फटीत शिरून तुटली. ड्रम हळूहळू फिरवून फट पाहिली: एका बाजूला व्हिजिटिंग कार्ड आरामात जाईल एवढी, समोरच्या बाजूला ड्रम तबकडीला घासत होता.

घरी येऊन लाखेचा ठिपका मोडला. ड्रम उपसला तेव्हा पिनवर काहीतरी चकाकलं. अॅल्युमिनियमची पातळ फॉइल, नीट कापून पिनभोवती एक वेढा दिलेली, वर दाट ग्रीस. बुश इतकं झिजलं होतं की ड्रम लडबडत होता, आणि ती लडबड दाबायला ही मलमपट्टी. टेबलावरच्या व्हिडिओपुरती ती टिकली. पाण्यावर उभ्या भाराखाली फॉइल एका बाजूला गोळा झाली होती, आणि ड्रम एकाच जागी का अडत होता ते उघड झालं.

त्याहून मोठी गोष्ट तबकडीच्या आतल्या बाजूला दिसली. जुन्या तबकडीवर ड्रमची कड वर्षानुवर्षं घासून एक फिकट वर्तुळ उमटतं. इथेही ते होतं, पण या ड्रमच्या कडेपेक्षा चांगलं बोटभर आत. म्हणजे या तबकडीवर आयुष्यभर दुसराच, लहान ड्रम फिरला होता. तबकडी एका रिळाची, ड्रम दुसऱ्याचा, आणि जाहिरातीत ‘सगळे भाग मूळचे’!

मग बाकीचंही नजरेत भरायला लागलं. मागचे दोन स्क्रू अधिक चिन्हाच्या खाचेचे होते. तशा खाचेचे फिलिप्स स्क्रू कारखान्यांत आले ते 1930 च्या दशकाच्या मध्यात. 1920 च्या दशकातल्या रिळावर ते मूळचे असणं शक्य नाही. नंतर कुणी बदलले असतील, हे मी मान्य करतो, पण मग ‘मूळचे’ हा शब्द वापरायचा नाही. शिक्क्याचं तर काय बोलावं. आजूबाजूचा धातू ओरखड्यांनी भरलेला आणि अक्षरांच्या कडा कालच कोरल्यासारख्या धारदार. जुने ओरखडे अक्षरांवरून जायला हवेत. इथे अक्षरंच ओरखड्यांवरून गेली होती. भिंगातून हे स्पष्ट दिसतं.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, “तुम्ही उघडलंत, फॉइल तुम्हीच घातली असणार. आता आमची जबाबदारी नाही.” पैसे त्याने ‘मित्र-कुटुंब’ या पर्यायातून पाठवायला लावले होते, म्हणे कमिशन वाचतं. कमिशन त्याचं वाचलं. त्या पर्यायात खरेदीदाराला संरक्षण नसतं, आणि पेमेंट कंपनीने मला तेच ऐकवलं. विक्रीच्या साइटवर तक्रार केली, त्याचं खातं बंद झालं, पैसे बुडाले ते बुडालेच.

यानंतर जुनं रीळ बघताना मी विक्रेत्याकडे वेगळ्याच गोष्टी मागतो. व्हिडिओ हवा तो रीळ रॉडला लावून, उभं धरून, कडेने घेतलेला, म्हणजे ड्रम सावकाश फिरताना फट सगळीकडे सारखी राहते का ते दिसतं. लाइनच्या टोकाला शिशाचा एक मणी लावून ड्रम आपणहून सुटतो का ते दाखवायला सांगायचं. ‘बी-बी’ मणी 0.4 ग्रॅमचा, ‘ए-ए’ 0.8 ग्रॅमचा. चांगला ड्रम किती थोड्या वजनाला हलतो ते पाहून आपण थक्क होतो. माझं हे रत्न दोन ‘ए-ए’ लटकवूनही ढिम्म होतं. मुठी धरून ड्रम आत-बाहेर आणि वर-खाली हलवून दाखवायचा. अगदी किंचित आत-बाहेर चालेल, ते पुष्कळ रिळांत पुढच्या स्क्रूने कमी करता येतं. वर-खाली लडबड म्हणजे बुश गेलं, आणि त्यासाठी लेथवाला गाठावा लागतो.

ट्रू पिनचाच हट्ट धरावा का, याबद्दल माझं मत आता बदललंय. अचूक बनवलेल्या ट्रू पिनसारखं दुसरं काही नाही हे खरं, पण ते अचूक असलं तरच. दोन बॉल बेअरिंगवरचं साधं, नवं रीळ थोडी हयगय सहन करतं. बेअरिंग खराब झालं तर त्याच मापाचं नवं बसवता येतं. त्यातलं दाट ग्रीस धुऊन पातळ तेलाचा एखादा थेंब सोडला की हलक्या फ्लोटलाही ते दाद देतं. नदीवर वापरायलाच घेत असाल तर शिक्क्यापायी जादा पैसे मोजण्यात मला अर्थ दिसत नाही. कपाटात ठेवायला घेत असाल तर मग शिक्का भिंगाखाली धरा.

आणि एक फोटो आवर्जून मागा: ड्रम काढलेल्या तबकडीचा, आतल्या बाजूने, शेजारी ड्रम उपडा ठेवून. वर्तुळ आणि ड्रमची कड जुळतात का ते त्यात लगेच दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे. ज्याचा माल सरळ असतो तो काढून पाठवतो. “उघडलं तर सेटिंग बिघडतं” असं कुणी सांगू लागला तर पुढची जाहिरात बघा.