सनई नको: लग्नाची कॅसेट उतरवून घेतली त्याची गोष्ट

माझं लग्न मे १९९४ मधलं, चिपळूणला, घरासमोरच्या मांडवात. त्याची व्हीएचएस कॅसेट, तीन तासांची ई-१८०, कित्येक वर्षं कपाटात आजीच्या लुगड्यांखाली पडून होती. घरात व्हीसीआर नाही. नवा घ्यायचा म्हटलं तर तो बनवणाऱ्या शेवटच्या, जपानच्या फुनाई कंपनीनं २०१६ च्या जुलैमध्ये बनवणंच थांबवलं. त्यात कोकणातली दमट हवा. कॅसेटच्या खिडकीतून पाहिलं तर रिळावर पांढरी बुरशी. शेवटी फाइलमध्ये उतरवून घ्यायला पुण्यात पेठेतल्या एका छोट्या दुकानात दिली. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारही आहे.

आधी चांगलं. दुकानातल्या काकांनी कॅसेट लगेच मशीनमध्ये घातली नाही. "बुरशीची अशीच लावली तर मशीनचं हेडही जाईल आणि ही कॅसेटही." कॅसेट उघडून सगळी टेप हळूहळू पुसून काढली, त्याचे वेगळे २५० रुपये. शिवाय उतरवण्याचे तासाला ३५०. महाग वाटलं, पण तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात, फाइल कॉपी केल्यासारखं होत नाही, हे तिथेच कळलं.

पंधरा दिवसांनी पेन ड्राइव्ह मिळाला. दुकानातल्या मुलानं आपण होऊन सगळं ‘छान’ केलेलं. जुनं ४:३ चं चित्र ताणून रुंद टीव्हीभर पसरवलेलं, त्यामुळे तेव्हा काडीपैलवान असलेला माझा नवरा एकदम खात्यापित्या घरचा! चेहरे घासूनपुसून मेणाचे. आणि घाणा भरतानाच्या भागावर सनई.

नेमकी तिथेच आजीची ओवी होती. आजी १९९९ ला गेली. तिचा आवाज दुसरा कुठेच नाही.

परत गेले. नशीब, मूळ फाइल त्यांनी पुसली नव्हती. पैसे न घेता दिली, चेहरा पाडून का होईना.

मी मुलीला वर्षानुवर्षं सांगत आलेय की ओवी म्हणताना आजीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मूळ फाइलमध्ये आजी जात्यापाशी बसलीय, मागे कुकरची शिट्टी, आणि व्हिडिओवाल्याचा हॅलोजन थेट तिच्या तोंडावर. दुसऱ्या ओळीला थांबून ती पदरानं डोळे पुसते आणि म्हणते, "मेल्या, तो दिवा बाजूला घे, डोळे फुटले माझे!" मग उरलेली ओवी, जास्तच खणखणीत. मुलगी हसून लोळली. मी तो तुकडा आत्तापर्यंत दहा वेळा पाहिलाय.

साफसफाईला पाचपैकी पाच, सजावटीला शून्य. तरी पुढच्या आठवड्यात भावाच्या मुंजीची कॅसेट तिथेच देणार आहे. वर चिठ्ठी चिकटवून ठेवलीय: ‘चित्र ताणू नये. आवाजाला हात लावू नये. सनई नको.’