घडीचा जाळीपिंजरा: वरून झकास, खालून अर्धवट

सागाच्या रोपवाटिकेत काम करणाऱ्यांनी हा पिंजरा घ्यावा का, एवढ्यापुरतंच लिहितेय. फुलपाखरं पाळणाऱ्यांनी याला भरभरून पाच तारे दिलेत आणि त्यांच्या कामाला तो चालतही असेल. मी त्यात सागाची पानं खाणारी अळी पाळते, शास्त्रीय नाव हायब्लिया प्युएरा. माझ्याकडून साडेतीन.

दोन फूट उंच, तीन बाजूंना पांढरी बारीक जाळी, समोर पारदर्शक प्लॅस्टिकची खिडकी, वर टांगायला कडी. पिशवीतून काढला की फटकन उभा राहतो. परत घडी घालताना मात्र दुसरं माणूस हाताशी असलेलं बरं.

जाळीची खरी परीक्षा सुरुवातीलाच होते. मादी कोवळ्या पालवीवर शिरांच्या कडेला एकेक सुटं अंडं घालते आणि उबदार हवेत दोनेक दिवसांत त्यातून दोऱ्याच्या तुकड्याएवढी अळी निघते. जाळीतून ती जात नाही, पण दोन चेनी जिथे भेटतात त्या कोपऱ्यातून सहज पसार होते. तिथे कापसाचा बोळा कोंबायचा. फांदी ठेवलेल्या पाण्याच्या बाटलीच्या तोंडालाही कापूस हवाच, नाहीतर अळ्या बुडतात.

खिडकीला मात्र पैकीच्या पैकी. पहिल्या दोन अवस्थांत अळी पानाचा पृष्ठभाग नुसता खरवडते. तिसऱ्या अवस्थेपासून ती पानाची कड कुरतडते, कापलेली पट्टी उलटवते आणि रेशमाने पानाला टाचून त्या घडीत बसून खाते. टाचण्याचं काम बघत राहावं असं आहे. अर्धं अंग बाहेर काढून डोकं इकडे टेकव, तिकडे टेकव, प्रत्येक खेपेला एक धागा, आणि पट्टी हळूहळू खाली येते. शेवटी शेवटी पानाच्या जाड शिरा तेवढ्या उरतात. आणखी एक गोष्ट इथे नीट दिसते, ती रंगाची. एका पिंजऱ्यात गर्दी केली तर अळ्या काळपट होतात, विरळ ठेवल्या तर फिकट हिरव्या राहतात. जंगलात मोठा हल्ला येतो तेव्हा दिसतात त्या बहुतेक काळपटच.

माझी तक्रार आहे ती तळाबद्दल. सोबतच्या कागदावर छताला लटकलेल्या कोषाचं चित्र आहे. ही अळी छताकडे फिरकतही नाही. दहा-बारा दिवस खाऊन झालं की रेशमाच्या धाग्याने खाली उतरते, पालापाचोळ्यात शिरते आणि सुकी पानं, मातीचे कण जोडून सैलसर आवरण करून त्यात कोषात जाते. इथे तळाला गुळगुळीत कापड. बिचारी कडेकडेने फिरत राहते आणि शेवटी चेनीच्या शिवणीत घुसते. मग चेन ओढायची चोरी. उपाय म्हणून मी माती आणि सुक्या पानांचा ट्रे ठेवते, पण दार मधल्या उंचीवर, त्यामुळे ट्रे तिरका करून घालावा लागतो आणि माती सांडतेच. बाहेर ओढता येणारा तळ दिला असता तर काय बिघडलं असतं?

कोषातून सहा ते आठ दिवसांत पतंग येतो. बसला की तपकिरी सुकं पान. हललात तर मागच्या काळपट पंखांवरचे नारिंगी पट्टे चमकतात. मधाच्या पातळ पाण्यात भिजवलेला बोळा जाळीला टांगला की पुढच्या पिढीची सोय झाली. (जावा बेटावर याचे कोष गोळा करून खातात म्हणे. आमच्याकडे अजून कुणी मागितलेले नाहीत.)

‘झाड तर मरत नाही, मग एवढा खटाटोप कशाला?’ असं नवीन मुलं विचारतात. झाड मरत नाही, वाढायचं थांबतं. निलंबूरच्या लागवडीत केरळ वन संशोधन संस्थेने मोजलं तेव्हा ४ ते ९ वर्षांच्या सागाची, होऊ शकली असती त्यातली ४४ टक्के वाढ या अळीने खाल्ली होती. पिंजऱ्यातल्या अळ्या खाली उतरू लागल्या की पुढच्या अंड्यांचा अंदाज बांधता येतो आणि कोवळ्या पालवीवर वेळेत नजर ठेवता येते.

घेणार असाल तर दोन घ्या. विषाणूची साथ शिरली की अळ्या लुळ्या पडतात, फुटून पाण्यासारख्या होतात आणि तो द्रव जाळीभर लागतो. नुसत्या पाण्याने धुऊन भागत नाही. पिंजरा ब्लीचच्या पाण्यात बुडवून कडक उन्हात वाळवावा लागतो. जाळीला काही होत नाही, मात्र कडेच्या तारेला जोडापाशी गंज धरतो.