रीगल की मेट्रो?

दक्षिण मुंबईत चित्रपट पाहून जवळच काही खायचे असेल, तर माझ्यासमोर कुलाब्याचे रीगल आणि धोबी तलावाचे मेट्रो हे दोन पर्याय असतात. १९३३ साली सुरू झालेले रीगल हे एकपडदा चित्रपटगृह असल्याने तिथे निवडीला वाव कमी असतो; पण त्या भव्य सभागृहात शेकडो प्रेक्षक एकदम हसतात, तेव्हा होणारा आनंद मला छोट्या दालनांत कधीच मिळाला नाही. १९३८चे मेट्रो आता मल्टिप्लेक्स झाल्यामुळे तिथे चित्रपट आणि वेळ दोन्ही निवडता येतात.

खाण्याच्या बाबतीत मात्र पारडे फिरते. रीगलजवळच्या, १८७१ पासूनच्या लिओपोल्ड कॅफेत पर्यटकांची वर्दळ असते आणि तिथले बिल मला जड वाटते. उलट मेट्रोसमोरच्या १९०४च्या कयानी या इराणी कॅफेत बन मस्का, खिमा पाव, मावा केक आणि इराणी चहा यांवर दोघांचे पोट माफक पैशांत भरते. कयानी रात्री लवकर बंद होत असल्याने मेट्रोला दुपारचाच खेळ धरावा, म्हणजे तो सुटल्यावर रस्ता ओलांडून निवांत बसता येते.