बांगलादेश की युरोप: द्राक्षाची गाडी कुठे पाठवावी?

फळछाटणी आटोपली की सांगली जिल्ह्यातल्या आमच्या मणेराजुरी-सावळज या द्राक्षपट्ट्यात एकच विषय निघतो: यंदा माल युरोपसाठी धरायचा की बांगलादेशच्या व्यापाऱ्याला द्यायचा? ठरवावं लागतं ते तेव्हाच. युरोपला जायचं तर पहिल्या फवारणीपासून वही लिहावी लागते, प्लॉटची नोंदणी करावी लागते, जानेवारीत मन बदलून चालत नाही. माझ्या भाच्याने यंदा मला हाच प्रश्न विचारला. त्याची चार एकर थॉमसन जातीची द्राक्षबाग आहे. मी दोन्हीकडे माल पाठवलेला आहे, म्हणून त्याला जे सांगितलं तेच जरा सविस्तर लिहितो.

मणी किती मिलीमीटरचा लागतो, ब्रिक्स म्हणजे गोडी किती, माल क्रेटमध्ये भरायचा की पनेटच्या छोट्या डब्यात, हे बागायतदाराला ठाऊक आहे. त्यात जात नाही. आपल्याकडे दोन बाजारांची तुलना करताना माणसं फक्त दर बघतात. दर बघावाच. पण त्याच्या बरोबरीने हेही बघा, की माल जिथे उतरतो तो देश कोणत्या व्यापारी गटात आहे आणि तो गट नुसता कागदावर आहे की रस्त्यावरही दिसतो.

कागद बघितला तर बांगलादेश आपल्या घरचा. सार्क देशांनी जानेवारी २००४ मध्ये इस्लामाबादला ‘साफ्टा’ म्हणजे दक्षिण आशियाई मुक्त व्यापाराचा करार केला, तो २००६ पासून लागू आहे. भारत त्यात आहे, बांगलादेश आहे. मी माल पाठवायचो तेव्हा युरोपीय संघाशी आपलं असं नातं नव्हतं. उलट आपल्या द्राक्षावर तिकडे साधारण ८ टक्के शुल्क लागायचं, आणि चिली, पेरू, दक्षिण आफ्रिकेचा माल करारामुळे बिनशुल्क शिरायचा. म्हणजे हिशेबाने बांगलादेश सोयीचा पडायला हवा. मीही तसंच धरून चाललो होतो.

मार्च महिना होता. आम्ही चौघांनी मिळून एक गाडी भरली. तासगावहून निघालेली गाडी पाचव्या दिवशी सीमेवरच्या एका नाक्याला पोचली. तिथे ती सहा दिवस रांगेत उभी राहिली. तेवढंही सोसलं असतं. पण नंबर लागल्यावर पलीकडच्या तळावर आमची गाडी रिकामी करायची आणि तोच माल त्यांच्या गाडीत भरायचा, असा रिवाज. आपली गाडी पुढे जाऊ शकत नाही. ड्रायव्हरने व्हिडिओ पाठवला. दुपारचं ऊन, हमाल डोक्यावरून क्रेट उतरवतायत, दोन-दोन क्रेट एकदम खाली येतायत. शेवटी कॅमेरा रिकाम्या हौद्याकडे वळला. फळीवर सुट्ट्या मण्यांचा थर पडलेला होता, आणि एका घडाचा देठ त्याने जवळून दाखवला तर तो तपकिरी झालेला. देठ हिरवा असेल तर माल ताजा, हे गिऱ्हाईकही जाणतं. व्यापाऱ्याने ठरलेल्या दरातले किलोमागे चौदा रुपये कापले. मी त्याच्याशी भांडलो नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही कापले असते. हमालांची चूक नव्हती, ड्रायव्हरचीही नव्हती. दोन देश एकाच करारात असून गाडी मात्र एका देशाचीच, हे त्यामागचं दुखणं.

माझा निर्णय या एका गोष्टीने केला. दर पडला तर पुढच्या वर्षी सुधारतो. हौद्यातला तो मण्यांचा थर काही माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

हा माझ्या एकट्याचा अनुभव असता तर मी इतकं लिहिलं नसतं. जागतिक बँकेने २०२१ च्या अहवालात पेट्रापोल-बेनापोल या भारत-बांगलादेशमधल्या मोठ्या सीमा-मार्गाचा हिशेब दिला आहे: पार व्हायला सरासरी १३८ तास, त्यातले २८ तास नुसत्या माल बदलण्याचे. तेवढीच वाहतूक असलेल्या पूर्व आफ्रिकेतल्या सीमा सहा तासांच्या आत ओलांडता येतात. त्याच अहवालात आहे की भारतातल्या कंपनीला बांगलादेशपेक्षा ब्राझील किंवा जर्मनीशी व्यापार करणं १५ ते २० टक्के स्वस्त पडतं. शेजारी महाग आणि साता समुद्रापलीकडचा स्वस्त! गाड्या आरपार जाऊ देण्याचा करार जून २०१५ मध्ये थिंफूला झालाही होता, भारत, बांगलादेश, नेपाळ आणि भूतानमध्ये. भूतानच्या संसदेने त्याला मंजुरी दिली नाही आणि बाकीच्यांची अंमलबजावणी रखडली.

शुल्काचंही तेच. साफ्टात प्रत्येक देशाने आपापली संवेदनशील वस्तूंची यादी बाजूला काढून ठेवली आहे. त्या यादीतल्या मालाला करार असून नसल्यासारखा. शिवाय कोणताही सदस्य आपलं शुल्क आपल्या अडचणीप्रमाणे वाढवू शकतो. मे २०२२ मध्ये डॉलरची चणचण झाली तेव्हा बांगलादेशने परदेशी फळांवरचं नियामक शुल्क ३ टक्क्यांवरून २० टक्के केलं. आमचा हंगाम तोवर उरकला होता, चटका पुढच्या वर्षी बसला. त्यांचीही अडचण खरी होती, हे मी नाकारत नाही. पण छाटणी करताना जे गणित मांडलं ते काढणीपर्यंत टिकेल याची खात्री कुणी द्यायची?

आता युरोप. आमच्या शेतकरी गटाचा कंटेनर न्हावा-शेवा बंदरातून नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला गेला. जाताना कागद भरपूर: रेसिड्यूचा म्हणजे औषधाच्या अंशाचा रिपोर्ट, मालावर कीड-रोग नसल्याचं फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, ग्रेपनेट या निर्यातीच्या ऑनलाइन नोंदणीतला प्लॉट नंबर. रॉटरडॅमच्या बंदरात तपासणी झाली. एकदाच. त्यानंतर आयातदाराने मालाचे भाग केले, काही जर्मनीला दिला, काही पोलंडला. महिन्याभराने त्याने पोलंडमधल्या एका दुकानातला फोटो पाठवला. पनेटवर आमच्या पॅकहाऊसचा कोड स्पष्ट दिसत होता आणि देठ हिरवा होता. रॉटरडॅम ते वॉर्सा रस्त्याने बाराशे किलोमीटरच्या आसपास, मध्ये दोन सरहद्दी. तीच गाडी, तोच ड्रायव्हर, सील न तोडता.

याची किंमत आपल्या माणसाला पटकन कळावी. विक्रीकराचे नाके होते तेव्हा म्हैसाळ ओलांडून कर्नाटकात माल न्यायचा म्हणजे किती वेळ जायचा ते आठवा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, नाके उठले, आणि मिरजेहून बंगळूरला निघालेल्या गाडीला विक्रीकरासाठी कुठे थांबावं लागेना. युरोपने हे देशादेशांत केलं. १९५७ चा रोमचा करार, १९६८ मध्ये आतलं शुल्क संपलं आणि बाहेरच्यांसाठी एकच शुल्क ठरलं, १ जानेवारी १९९३ पासून सरहद्दीवरची मालाची तपासणीही गेली. पोलंडला किंवा जर्मनीला वाटलं म्हणून द्राक्षावरचं शुल्क एका रात्रीत वाढवता येत नाही, ते सगळ्यांचं मिळून ठरतं. औषधाच्या अंशाची मर्यादाही पूर्वी तिकडे देशागणिक वेगळी असायची. सप्टेंबर २००८ पासून सगळीकडे एकच यादी लागू झाली. फवारणीचं वेळापत्रक लावणाऱ्याला हे केवढं मोठं आहे, ते सांगायला नको. युरोपातल्या देशांचा जवळपास ६० टक्के व्यापार आपसातच होतो आणि दक्षिण आशियात हे प्रमाण ५ टक्क्यांच्या घरात आहे, यात मला आता नवल वाटत नाही.

ब्रिटन बाहेर पडल्यावर काय झालं तेही आम्ही पाहिलं. २०२० संपेपर्यंत रॉटरडॅमला उतरलेला माल लंडनला सरळ जायचा. २०२१ पासून मध्ये सीमा आली आणि त्याला वेगळे कागद लागू लागले.

युरोपची वाट सोपी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. २०१० चं वर्ष आमच्या पिढीचा बागायतदार विसरलेला नाही. सीसीसी म्हणजे क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश सापडले आणि आपला माल तिकडे अडकला. यादी एकच, त्यामुळे दार बंद झालं तेही सगळीकडे एकदमच. जर्मनीतल्या मोठ्या दुकानदारांच्या मर्यादा तर सरकारी मर्यादेहून कडक असतात. त्यात पैसे उशिरा हातात येतात, आणि २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्राऐवजी आफ्रिकेला वळसा घालून बोटी जाऊ लागल्या तेव्हा प्रवासाचे दिवसही वाढले. ज्याला फेब्रुवारीत सोसायटीचं कर्ज भागवायचं आहे, किंवा ज्याच्या बागेत अवकाळीनंतर फवारण्या वाढल्या आहेत, त्याने जागेवर सौदा करून बांगलादेशच्या व्यापाऱ्याला माल द्यावा. त्यात काही कमीपणा नाही, फक्त गाडी हलण्याआधी पैसे घ्यावेत. तो बाजार मोठा आहे आणि चवीला गोड माल तिथे खपतो.

बेदाण्याचंही इथेच सांगतो, कारण गटात असणं म्हणजे काय हे तासगावच्या सौद्यात बसल्यावर उलट बाजूने कळतं. अफगाणिस्तानही साफ्टात आहे, त्यामुळे त्यांचा बेदाणा सवलतीत येतो. तो त्यांचा हक्क आहे, त्यांचा शेतकरीही आपल्यासारखाच. पण तिसऱ्याच देशाचा बेदाणा शेजारच्या मार्गाने शिरतो अशी तक्रार इथल्या बागायतदारांनी वारंवार केली आहे. युरोपात बाहेरचं शुल्क सगळीकडे सारखं, म्हणून अशा आडवाटेने माल आणण्यात फायदाच उरत नाही. आपल्याकडे प्रत्येक देशाचं शुल्क वेगळं, म्हणून माल मूळचा कुठला हे सिद्ध करण्यावर सगळं अवलंबून, आणि ते तपासणार कोण?

माझा कल कुठे आहे हे लपून राहिलेलं नाही. तरी भाच्याला मी चारही एकर युरोपला धर असं सांगितलं नाही. त्याची पाण्याची बाजू अजून लंगडी आहे आणि घरात पुढच्या वर्षी लग्न आहे. त्याने विहिरीकडच्या दोन एकरांची नोंदणी केली. माझी जुनी फवारणीची वही तो घेऊन गेला आहे. ओढ्याकडच्या दोन एकरांचं मणी फुगायला लागल्यावर बघू म्हणाला.